'त्रिंकोमाली'ची प्रतिकृती

गेल्या तीन वर्षांतले आमचे बहुतेक रविवार सुताराच्या बाकाशेजारी गेले. आमचा धंदा कामगार चळवळीचा. हातात रंधा धरण्याचा अधिकार आम्हांला नाही. शाळा सातवीत सुटली. पुढे जे काही शिकलो ते रात्रशाळेत, युनियनच्या कचेरीतल्या पुस्तकांच्या कपाटातून आणि माणसांकडून. त्या माणसांपैकीच एक आमचे मेस्त्री. त्यांची हयात गोदीत लाकूडकामावर गेली. आता निवृत्त आहेत. मुंबईत बांधलेल्या एखाद्या शिडाच्या लढाऊ जहाजाची प्रमाणशीर लाकडी प्रतिकृती करून ती आपल्या कामगार वाचनालयात ठेवावी, असे त्यांच्या मनाने घेतले. आम्ही मान डोलावली, तेव्हा हे काम फार तर सहा महिन्यांचे असेल अशी आमची समजूत होती.

जहाज निवडले ते 'त्रिंकोमाली'. सिंहलद्वीपातल्या बंदराचे नाव असलेली ही फ्रिगेट १२ ऑक्टोबर १८१७ रोजी मुंबईच्या गोदीत पाण्यात उतरली. पुण्याच्या लोकांना ती तारीख लक्षात ठेवायला सोपी आहे, कारण त्यानंतर चोविसाव्या दिवशी, ५ नोव्हेंबरला, खडकीची लढाई झाली. इकडे पेशवाईचा शेवट जवळ आला होता आणि तिकडे मुंबईत, त्याच इंग्रजांसाठी, आपल्याच मलबारी सागवानाचे एक देखणे लढाऊ जहाज गोदीतून बाहेर पडत होते. ही दोन्ही दृश्ये एकाच पानावर ठेवून आपण इतिहास क्वचित वाचतो.

वाचनालयाच्या कमिटीत पहिलाच प्रश्न निघाला तो याच जागी. एक तरुण सभासद उठून म्हणाले, "भाऊ, हे इंग्रजांचे जहाज. आपल्याच मानेवर बसलेल्या जोखडाचा नमुना आपण काचेच्या कपाटात कशासाठी मांडायचा? करायचेच तर आंग्र्यांचे गुराब करा." प्रश्न सरळ होता आणि त्याला आमच्यापाशी तेव्हा सरळ उत्तर नव्हते. मेस्त्री एवढेच म्हणाले, "गुराबाचा नकाशा आणून द्या, उद्या सुरू करतो."

नकाशा कुठून आणणार? आंग्र्यांच्या कारागिरांनी कागदावर रेघा ओढून जहाजे बांधली नाहीत. माप त्यांच्या नजरेत आणि दोरीच्या गाठींत होते. जी जहाजे होती ती १७५६ सालच्या फेब्रुवारीत विजयदुर्गाच्या खाडीत जळाली. इंग्रजांचे आरमार समुद्रातून आले होते आणि पेशव्यांची फौज जमिनीवरून. आपल्या राज्याचे आरमार आपण परक्याच्या मदतीने जाळले, याइतकी करंटी मसलत मराठ्यांच्या इतिहासात दुसरी शोधावी लागेल. गुराबांची चित्रे आहेत, वर्णने आहेत. पण बरगडी न् बरगडी मोजून बांधता येईल असा आधार नाही. तेव्हा 'त्रिंकोमाली' घ्यायची की नाही हा वाद तसाच लोंबकळत ठेवून काम सुरू झाले.

गंमत अशी की, 'त्रिंकोमाली'चा नकाशाही एकदा समुद्राने गिळलेला आहे. १८१२ च्या ऑक्टोबरात ब्रिटिश नौदलाने हे जहाज बांधण्याचा हुकूम काढला. नमुना 'लीडा' वर्गाचा. त्या वर्गाचे मूळ मात्र इंग्रजी नव्हे. 'हेबे' नावाची एक फ्रेंच फ्रिगेट इंग्रजांनी १७८२ साली पकडली, तिच्या अंगाची मापे घेतली आणि तिच्यावरून आपल्या फ्रिगेटी बेतल्या. हे नकाशे घेऊन 'जावा' नावाचे जहाज मुंबईकडे निघाले. तेव्हा इंग्लंडचे अमेरिकेशी युद्ध चालू होते. २९ डिसेंबर १८१२ रोजी ब्राझीलच्या किनाऱ्यापुढे 'कॉन्स्टिट्यूशन' या अमेरिकन फ्रिगेटने 'जावा'ला गाठले, तिच्या डोलकाठ्या तोडल्या, आणि मोडलेले जहाज नेण्याजोगे उरले नाही म्हणून ते पेटवून दिले. मुंबईचे नकाशे त्याबरोबर गेले. दुसऱ्या प्रती इंग्लंडहून पुन्हा पाठवाव्या लागल्या. 'कॉन्स्टिट्यूशन' आज बोस्टन बंदरात उभी आहे आणि 'त्रिंकोमाली' इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर हार्टलपूल येथे. एकीने दुसरीचा जन्म लांबविला आणि दोघीही दोनशे वर्षांवर जगल्या.

त्या वेळी मुंबईच्या गोदीचे मुख्य बांधणीकार होते जमशेटजी बमनजी वाडिया. त्यांचे आजोबा लवजी नसरवानजी हे सुरतेचे सुतार. कंपनीच्या सांगण्यावरून आपल्या हाताखालचे काही कारागीर घेऊन ते १७३६ साली मुंबईस आले. पुढे कोरड्या गोद्या झाल्या आणि तीन पिढ्यांत या घराण्याने असा लौकिक मिळविला की ब्रिटिश नौदल आपली जहाजे इथे बांधून घेऊ लागले. १८१० साली ७४ तोफांचे 'मिंडेन' झाले, १८१३ साली 'कॉर्नवॉलिस', १८१५ साली 'वेलस्ली', १८१६ साली 'त्रिंकोमाली'ची बहीण 'अँफिट्राइट'. इंग्लंडात नेपोलियनशी चाललेल्या युद्धामुळे ओकच्या लाकडाचा तुटवडा होता, आणि इकडे सागवान होते.

सागवानाची महती मेस्त्रींकडून ऐकावी. ओकच्या अंगात एक आंबट रस असतो, तो लोखंडी खिळ्याला खातो. खिळा गंजला की भोवतालचे लाकूडही नासते. सागवानाच्या अंगात तेल असते, ते उलट खिळ्याला जपते. वाळवी आणि कुज यांना साग दाद देत नाही, आणि एकदा नीट वाळला की फारसा आकसत वा फुगत नाही. जहाज दोनशे वर्षे टिकले यात देखभाल आहेच, पण मुळात लाकूड आहे.

बांधणी १८१६ च्या मे महिन्यात सुरू झाली. जहाजाच्या तळाचा जो लांब कणा असतो, त्यात जमशेटजींनी अक्षरे कोरलेला एक चांदीचा खिळा ठोकला. पारशी रिवाजाप्रमाणे तो जहाजाच्या क्षेमकुशलासाठी. हा चांदीचा खिळा इतिहासात नोंदला गेला आहे. त्यानंतर त्या जहाजात जे हजारो साधे खिळे आणि पाचर बसले, ते कुणी ठोकले याची नोंद आमच्या वाचनात आली नाही. जमशेटजींचा मान कमी करावा असे आम्हांला यत्किंचितही वाटत नाही. ते स्वतः वाकस चालवून वर आलेले होते; गोऱ्या अधिकाऱ्यांच्या काळात एका हिंदी माणसाच्या शब्दावर नौदलाने जहाजे घ्यावीत ही गोष्ट लहान नव्हे. पण ओंडक्यावर उभे राहून आणि खाली खड्ड्यात राहून मोठी करवत ओढणारी जोडी, तापलेल्या डामराने फटी बुजविणारे, भाता ओढणारे, दोर वळणारे या सगळ्यांची नावे गेली, एवढे तरी म्हणायला हवे.

याच काळातली आणखी एक हकीगत आमच्या धंद्याशी जवळची आहे. १८१४ साली लंडनमध्ये पार्लमेंटच्या समितीपुढे हिंदुस्थानात बांधलेल्या जहाजांविषयी साक्षी झाल्या. ही सागवानी जहाजे टेम्स नदीत येऊ लागली तर आमचे कारखाने बसतील आणि आमच्या सुतारांच्या पोटावर पाय येईल, अशी तिथल्या बांधणीकारांची ओरड होती. आम्ही आयुष्यभर मालकांची निवेदने वाचत आलो. कामगाराच्या पोटाचा कळवळा मालकाला नेमका केव्हा येतो हे आम्हांला ठाऊक आहे. तरी टेम्सकाठचा सुतार खोटे बोलत होता असे नव्हे. त्याचे काम खरेच जाणार होते. त्याला मुंबईचा सुतार शत्रू वाटला, आणि मुंबईच्या सुताराला टेम्सकाठी कुणी आहे याची वार्ताही नव्हती. पुढे कायदे झाले ते हिंदी जहाजांच्या आणि हिंदी खलाशांच्या वाटेत काटे पेरणारे झाले.

आता बाकाकडे येऊ.

'लीडा' वर्गाचे नकाशे आज छापील मिळतात. जहाजाचा नकाशा घराच्या नकाशासारखा वाचता येत नाही. तीन चित्रे असतात: एक बाजूने पाहिलेले, एक वरून पाहिलेले आणि एक नाळेकडून व पिछाडीकडून पाहिलेले. या तिसऱ्या चित्रात कांद्याच्या पाकळ्यांसारख्या रेघा एकात एक असतात. त्यातली प्रत्येक रेघ म्हणजे जहाजाच्या अंगावरचा एक काप. तिन्ही चित्रांतला एकच बिंदू एकाच जागी पडला पाहिजे. आम्हांला हे समजायला चार रविवार लागले. मेस्त्रींना अर्धा तास लागला.

प्रमाण ठरले फुटाला पाव इंच, म्हणजे अठ्ठेचाळिसास एक. मुख्य तोफमजल्याची लांबी सुमारे १५० फूट. ती झाली साडेसदतीस इंच. रुंदी सुमारे ४० फूट, ती झाली दहा इंच. मुख्य मजल्यावर १८ पौंडी गोळे फेकणाऱ्या २८ तोफा, एका अंगाला चौदा. साडेपाच फुटी माणूस या मापात दीड इंचही भरत नाही. प्रमाण ठरले की कल्पनेला लगाम बसतो. चार इंच जाडीची फळी इंचाचा बारावा हिस्सा झालीच पाहिजे. नजरेला ठीक दिसते म्हणून जाड ठेवली तर पुढे सगळेच फसते.

लाकडावरून पहिले भांडण झाले. जाणते लोक प्रतिकृतीसाठी सागवान घेत नाहीत. सागाचा रेषा भरड. एवढ्या लहान फळीवर तो खऱ्या जहाजाच्या मानाने वीतभर रुंद दिसतो, आणि पातळ पट्टी वाकविताना चिरफळते. आम्ही सुचविले की हेदीचे लाकूड घ्यावे. हेद बारीक पोताचा आणि पिवळसर. गिरण्यांतल्या बॉबिनी त्याच्या होत असत, म्हणून आमच्या ओळखीचा. मेस्त्रींचे म्हणणे, जहाज सागाचे तर प्रतिकृती सागाची. पाडलेल्या एका चाळीचे दरवाजे कुठेसे रचून ठेवले होते, ते त्यांनी पाहून ठेवलेले. शंभर वर्षे वाळलेला साग; असा आज वखारीत पैसे मोजून मिळत नाही. शेवटी तडजोड झाली. कणा, बरगड्या आणि तुळया सागाच्या. बाहेरच्या पट्ट्या आणि बारीक काम हेदीचे. मेस्त्री दोन रविवार आमच्याशी नीट बोलले नाहीत.

मग आमच्याच घाईने मोठा घोटाळा झाला. मेच्या पहिल्या तारखेला वाचनालयात काही तरी दाखवायला हवे, असा कमिटीचा आग्रह. आणि तो आग्रह धरणाऱ्यांत आम्हीच पुढे. पहिला सांगाडा आम्ही सोप्या रीतीने केला होता. मधोमध प्लायवुडची उभी फळी, तिला आडवे प्लायवुडचे काप, आणि त्यांवर पट्ट्यांची कातडी. लोकांना एक अंग तरी पुरे दिसावे म्हणून आम्ही डाव्या अंगाला पट्ट्यांमागून पट्ट्या लावत गेलो. उजवे अंग मागाहून बघू म्हटले. मेस्त्री गावी गेले होते. परत आले, त्यांनी सांगाडा उचलून डोळ्यासमोर धरला आणि एका शब्दाने न रागावता पुन्हा खाली ठेवला. कणा पिळला होता. ओली करून वाकविलेली प्रत्येक पट्टी वाळताना ओढ घेते. तिला समोरच्या अंगाची ओढ नसेल तर ती सबंध सांगाडा आपल्याकडे फिरवते. म्हणून डावीकडे एक, उजवीकडे एक, अशाच क्रमाने पट्ट्या चढवायच्या असतात. सुताराच्या पोरालाही हे माहीत असते. पाव इंचाचा तो पीळ खऱ्या जहाजात फूटभर झाला असता. ते जहाज आयुष्यभर एका अंगाला कलून चालले असते.

तो सांगाडा मोडला. पहिली तारीख नुसत्या भाषणांवर गेली.

दुसऱ्या वेळी मेस्त्रींनी सोपी रीत घेऊच दिली नाही. बरगड्या खऱ्या जहाजासारख्या, तुकड्या-तुकड्यांनी सांधलेल्या करायच्या. आणि याच सुमारास आम्हांला वाचनात एक जुनी चाल सापडली. इंग्लंडच्या नौदल मंडळाकडे सतराव्या शतकापासून जहाजांच्या प्रतिकृती होत असत. त्यांतल्या पुष्कळ अठ्ठेचाळिसास एक याच मापाच्या असून ग्रीनिचच्या सागरी संग्रहालयात त्यांचा मोठा साठा आहे. त्यांची खूण अशी की, वरचे अंग फळ्यांनी मढविलेले, पण पाण्याच्या रेषेखालच्या भागाला फळ्याच लावायच्या नाहीत. बरगड्या उघड्या ठेवायच्या. अधिकाऱ्याला जहाज आतून कसे आहे ते दिसावे.

आम्ही एकदम म्हटले, आपली 'त्रिंकोमाली' अशीच हवी. डावे अंग मढवू आणि उजवे उघडे ठेवू, म्हणजे एका बाजूने जहाज दिसेल आणि दुसऱ्या बाजूने बांधणी. मेस्त्रींनी फक्त मागच्या सांगाड्याकडे बोट दाखविले. एका अंगाला ओढ आणि दुसऱ्याला नाही, हा तोच घोटाळा पुन्हा झाला असता. उघडे ठेवायचे तर दोन्ही अंगे सारखीच उघडी. तसेच केले.

बरगडी ही खरी कठीण गोष्ट. वाकडी बरगडी सरळ फळीतून कापली तर रेषा मध्येच तुटतो आणि ती जागा कमकुवत होते. म्हणून जुने बांधणीकार रानात वाकडीच झाडे शोधत. ज्या झाडाचा वाक बरगडीच्या वाकाशी जुळेल ते लाकूड त्या बरगडीला. मेस्त्रींनीही दरवाज्यांचे तुकडे तसेच चाळले. एखादा तुकडा हातात घेऊन ते बराच वेळ फिरवून पाहत आणि पुन्हा ढिगात टाकीत. आम्हांला वाटे वेळ फुकट जातो आहे. सहा आठवड्यांत नऊ बरगड्या झाल्या. त्यानंतर मात्र कामाला हात बसला; दोन तरुण पोरे शिकायला येऊ लागली. त्यांतला एक दिवसा घरपोच सामान पोचविण्याचे काम करतो. कामगार कायद्याने त्याला कामगार म्हणायचे की नाही याचा वाद आम्ही दुसरीकडे घालतो आहोत. पण कानस त्याच्या हातात सुरेख चालते.

याच इंग्लंडात दुसऱ्याही एका जातीच्या प्रतिकृती झाल्या, त्या सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. नेपोलियनच्या युद्धांत पकडलेले हजारो फ्रेंच कैदी पीटरबरोजवळ नॉर्मन क्रॉसच्या छावणीत वर्षानुवर्षे ठेवले होते. जेवणात आलेल्या मटणाची हाडे धुऊन, तासून, त्यांच्या बारीक पट्ट्या करून या लोकांनी जहाजे बनविली आणि छावणीच्या फाटकाशी भरणाऱ्या बाजारात विकली. त्यांपैकी काही पीटरबरोच्या संग्रहालयात आहेत. मापाला ती बहुधा चुकलेली असतात, कारण पुढे नकाशा नव्हता. आठवणीतले जहाज केलेले. विकत घेणाऱ्या घराण्यांची नावे काही ठिकाणी राहिली, करणाऱ्यांची फारच थोडी. नौदल मंडळाची ती बिनचूक प्रतिकृती आणि कैद्याचे हे हाडाचे जहाज यांतले अधिक खरे कोणते, याचा निकाल आमच्या वाचनालयात अजून लागलेला नाही.

पुढची अडचण पिछाडीची. हार्टलपूलला उभ्या असलेल्या जहाजाचे फोटो पाहून पोरांनी पिछाडी आखायला घेतली आणि नकाशाशी ती जुळेना. चूक नकाशात नव्हती. 'त्रिंकोमाली' १८१९ साली इंग्लंडात पोचली तोवर युद्ध संपले होते. तिला नुसतीच बाजूला ठेवली. १८४५ नंतर तिचे रूप बदलले: तोफा कमी पण अधिक मोठ्या, आणि पिछाडीची घडण नवी. मग ती वेस्ट इंडीजकडे गेली, पॅसिफिकमध्ये गेली. मोठ्या लढाईत तिला तोफ डागावी लागली नाही. पुढे शिकाऊ खलाशांची शाळा झाली. १८९७ साली मोडीत काढली जाणार होती, तेव्हा एका गृहस्थाने विकत घेऊन 'फूद्रॉयाँ' या नावाने पुन्हा शाळाच केली. १९८७ साली ती हार्टलपूलला आणली. दुरुस्तीचे काम २००१ पर्यंत चालले आणि मधल्या काळात, १९९२ साली, तिला तिचे जुने नाव परत मिळाले. म्हणजे आज दिसते ते जहाज मुंबईच्या सुतारांच्या हातून निघाले तसे नाही. आम्ही १८१७ ची पिछाडी धरली. फोटो भिंतीवरून काढून ठेवावे लागले, कारण पोरांची नजर पुन्हा पुन्हा तिकडेच जाई.

तरुण सभासदाच्या प्रश्नाचे काय झाले? तो आम्ही विसरलेलो नाही. उलट वाचत गेलो तसा तो जडच होत गेला. 'वेलस्ली' या मुंबईच्या जहाजाने १८३९ साली कराची घेतली. 'कॉर्नवॉलिस'च्या मजल्यावर २९ ऑगस्ट १८४२ रोजी चीनने नानकिंगच्या तहावर सह्या केल्या, अफूच्या युद्धात हार खाऊन. त्या मजल्याच्या फळ्या माझगावच्या नाहीतर फोर्टाच्या वस्तीत राहणाऱ्या कुणा सुताराने रंधलेल्या. काम चोख होते यात शंका नाही. त्याची मजुरी त्याला मिळाली. जहाज कशासाठी हे त्याला कुणी विचारले नाही. आमच्या संघटनेत आजही हाच प्रश्न निराळ्या कपड्यांत येतो: माल कुणाच्या घरावर पडणार हे विचारण्याचा हक्क माल घडविणाऱ्याला आहे का? आम्ही म्हणतो, आहे. त्या सुतारापाशी तो हक्क मागायला संघटना नव्हती, आणि म्हणून त्याच्या कसबावर डाग ठेवणे आम्हांला अन्यायाचे वाटते. तरुण सभासदाला हे पुरते पटलेले नाही. तो म्हणतो, मग 'कॉर्नवॉलिस'ची हकीगतही कपाटावर लिहा. कमिटीने ते मान्य केले आहे. मजकूर त्यानेच लिहावा असे ठरले. त्याचा कच्चा खर्डा चार पानांचा झाला आहे आणि कपाटाची पाटी एक फूट रुंद आहे.

पाटीवर सर्वांत वर जमशेटजी बमनजी वाडिया हे नाव येईल, त्याखाली गोदी आणि साल. मेस्त्रींचे नाव घालावे असा आमचा हट्ट आहे. ते म्हणतात, "भाऊ, दोरकाम होऊ द्या, मग नावाचे बघू." दोरकाम सोपे नाही. तिन्ही डोलकाठ्या उभ्या राहिल्या आहेत, आडव्या काठ्या तयार आहेत. पण दोर वेगवेगळ्या जाडीचे, आपले आपणच वळावे लागतात, आणि गाठी शेकड्यांनी आहेत. मेस्त्रींच्या डोळ्यांवर गेल्या पावसाळ्यात शस्त्रक्रिया झाली, तेव्हापासून बारीक गाठ त्यांना संध्याकाळी दिसत नाही. म्हणून हल्ली काम सकाळी आठला सुरू होते आणि उन्हे उतरायच्या आत थांबते. श्रोत्यांत कुणाला मासेमारीची जाळी विणता येत असतील, किंवा घरात तसे कुणी वडीलधारे असेल, तर रविवारी वाचनालयाच्या माळ्यावर अवश्य यावे. सुई, दोरा आणि मेण आमच्याकडे आहे.